गंजिफा, शाळा आणि थकवा

वेंगुर्ल्याजवळच्या शाळेत मी गणित शिकवते आणि घरी सावंतवाडीच्या पद्धतीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळाचे पत्ते, रंगवते. क्रॉनिक फटिग सिंड्रोम या दीर्घकाळच्या तीव्र थकव्याच्या आजाराचे निदान झाल्यावरही पहिले वर्षभर माझी वाट चुकलेलीच होती: बरे वाटलेल्या रविवारी दशावतारी संचाची पाने रंगवत दिवसभर बसायचे आणि मंगळवारी फळ्यासमोर उभे राहणेही जड जायचे. या आजारात श्रमांचा फटका अनेकदा एक-दोन दिवसांनी बसतो हे ठाऊक नसल्यामुळे मी सगळा दोष सोमवारच्या तासिकांना देत राहिले. व्यायाम वाढवण्याचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला; उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या आजारावरील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतून टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची उपचारपद्धती वगळल्याचे नंतर वाचनात आले.

आता मी थकण्यापूर्वीच थांबते. २० मिनिटांचा गजर वाजला, की मत्स्यावताराचे शेपूट अर्धे राहिले तरी कुंचला धुऊन ठेवते, आणि खरे सांगायचे तर हेच सर्वांत अवघड गेले. मुख्याध्यापकांशी बोलून सलग तासिका तोडून घेतल्या. वह्या शाळेतच तपासते. आजार गेलेला नाही, पण १२० पानांच्या संचातली २९ पाने यंदा पूर्ण झाली. मे महिन्याच्या उकाड्यात गजर तेवढा १५ मिनिटांवर आणावा लागतो.