तिकिटावरचा आकडा जपानीत पाठ करा

टोकियोला जाऊन शिंजुकू किंवा इकेबुकुरोच्या छोट्या लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे संगीताच्या कार्यक्रमांच्या हॉलमध्ये, व्हिज्युअल केई (भडक मेकअप आणि पोशाखातला जपानी रॉक) बँड ऐकणार असाल, तर तिकिटावरचा ‘सेइरी बांगो’ आधी शोधा. तो खुर्चीचा नंबर नसतो, आत सोडण्याचा क्रम असतो. दाराशी हे आकडे जपानीतच पुकारतात, तेही भराभर. तुमचा १४७ असेल तर ‘ह्याकु योंज्यू नाना’ एवढं तोंडपाठ हवं. नंबर हुकला की मागचे पुढे जातात, आणि इतक्या लांब येऊन आवडत्या गिटारवादकासमोरची जागा गमावणं फार जिवाला लागतं. दारात पेयाचे वेगळे पैसे घेतात, साधारण ६०० येन. सुटी नाणी हातात ठेवा. मोठी बॅग आधीच स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका.