कूलंट कमी होतंय, पण गळती सापडत नाही?

जुन्या गाडीत दर आठवड्याला कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) घालावं लागतं, पण खाली थेंब दिसत नाही. बहुतेक वेळा थेंब गरम इंजिनावरच वाळून जातो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा.

१. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा. कुठल्या बाजूला डाग पडतो ते सकाळी कळतं.
२. इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन त्या बाजूचे होज (कूलंटचे रबरी पाइप), क्लॅम्प (होज आवळून धरणारी कडी) आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. पांढरट किंवा हिरवट खरपुडी दिसली की गळती तिथेच. पाइपाच्या टोकाखाली बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारी खरपुडी बोटाला खरखरीत लागते.
३. होज टोकाशीच चिरला असेल आणि लांबी पुरत असेल तर १–२ सेंटिमीटर कापून नवा क्लॅम्प लावा. मधे फुगलेला किंवा लिबलिबीत झालेला होज मात्र सरळ बदला. पंपाच्या भोकातून गळत असेल तर पंपच बदलावा लागतो.

रेडिएटरच्या झाकणाचा रबरही बघाच, तो कडक झाला तरी कूलंट जातं.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. सांडलेलं लगेच पुसा. ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी असतं.