पिचर होतास, आता कॉलेजात कोच व्हायचंय? मग सुरुवात अशी कर

माझा मुलगा इथे अमेरिकेत एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्यांतली शेवटची) कॉलेजात चार वर्षं बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता, आता दुसऱ्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून पिचर पोरांना शिकवतो. हल्ली ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांतून फोन आले, काका आम्हाला पण या लाइनमध्ये जायचंय, काय करायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

पहिली गोष्ट, खेळणं संपायची वाट बघू नकोस, खेळत असतानाच वही ठेव. तुझी पाळी नसेल त्या दिवशी डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, नुसता बसू नकोस, चार्ट तू धर, प्रत्येक पिच, म्हणजे टाकलेला प्रत्येक बॉल, लिही, फास्टबॉल (जोरात) की चेंजअप (मुद्दाम हळू) की स्लायडर (बाजूला वळणारा), स्पीड किती, कुठे पडला, बॅटरनं काय केलं. आमच्या पोराला हे तिसऱ्या वर्षी खांदा दुखायला लागल्यावर कळलं. एकदा बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागेत, कोच उलट्या बादलीवर बसले होते, हा मागे वही घेऊन उभा, आणि पन्नासेक पिचनंतर त्याच्या लक्षात आलं की टाकणाऱ्याचं कोपर हळूहळू खाली यायला लागलंय आणि फास्टबॉल सगळे वर आणि हाताच्या बाजूला जातायत. त्यानं कोचना वहीच दाखवली, कोचनी तिथेच थांबवलं त्या मुलाला. पुढे नोकरीसाठी त्याच कोचनी शब्द टाकला, आणि तो त्या वहीमुळे टाकला असं मी मनापासून म्हणतो, कारण याची स्वतःची पिचिंग काही कुणाला लक्षात राहण्यासारखी नव्हती.

आता नोकरीचं. डिव्हिजन टू, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना), दोन वर्षांची ज्युनियर कॉलेज, इथून सुरुवात होते बहुतेकांची. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे मास्टर्सची फी बऱ्याच ठिकाणी सुटते, वर थोडासा भत्ता, आणि कामं म्हणशील तर माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, माती सारखी करणं, पाऊस आला की ताडपत्री ओढणं, व्हॅन चालवणं, सगळं. डिव्हिजन वनमध्ये आधी तिसरा असिस्टंट व्हॉलंटियर असायचा, म्हणजे कॉलेज त्याला पगारच देऊ शकत नव्हतं, तो नियम जुलै २०२३ पासून गेला, हे फार बरं झालं, घरची परिस्थिती साधी असलेल्या पोरांना तेव्हा हा रस्ता बंदच होता. उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांच्या समर लीग असतात, तिथे पिचिंग कोचची जागा मिळाली तर सोडू नकोस.

धीर किती लागतो त्यासाठी ब्रायन ओकॉनर बघ. क्रेटन कॉलेजचा पिचर, १९९१ ला त्या टीमबरोबर ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय फायनल स्पर्धा, खेळला, १९९३ ला फिलीज या व्यावसायिक टीमनं ड्राफ्टमध्ये निवडलं, पण मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत, पोचला नाही. मग नोत्र दाम युनिव्हर्सिटीत नऊ सीझन असिस्टंट. २००४ चा सीझन व्हर्जिनियाचा हेड कोच म्हणून पहिला, आणि नॅशनल टायटल २०१५ ला. आता २०२५ पासून मिसिसिपी स्टेटला आहे.

शिकायचं काय, तर हात सांभाळणं सगळ्यात आधी. एका दिवसात १०६ किंवा जास्त पिच झाल्या की १९ ते २२ वयाच्या पोराला पाच दिवस विश्रांती, असं मेजर लीगच्या पिच स्मार्ट या हात सांभाळण्याच्या नियमावलीत आहे, ते तक्ते पाठ कर. कोपराचं लिगामेंट गेलं की टॉमी जॉन सर्जरी (ते लिगामेंट नवं बसवायचं ऑपरेशन) आणि साधारण वर्षभर किंवा जास्त बाहेर, तुझ्या हातात दुसऱ्याच्या आईवडिलांचं पोर आहे हे विसरायचं नाही. दुसरं म्हणजे रॅप्सोडो, ट्रॅकमॅन ही मशीनं वाचता आली पाहिजेत, स्पिन किती, बॉल किती वळतोय, नुसता रडार गनचा आकडा पुरत नाही.

आणि शिकवायची भाषा. टॉम हाउस माहितीय का, स्वतः मेजर लीग पिचर, १९७४ ला हँक आरनचा विक्रमी ७१५ वा होमरन (आपल्या षटकारासारखा) बुलपेनमध्ये यानंच झेलला, नंतर सायकॉलॉजीत डॉक्टरेट केली. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही आपल्याकडची भालाफेक करणारी, बेसबॉल कधी न खेळलेली पोरं यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या मैदानावर याच्याच हाताखाली तयार झाली आणि पायरेट्स या मेजर लीग टीमनं दोघांना साइन केलं. म्हणजे भाल्यावर जो हात बसलाय तिथून बोलायला सुरुवात करता आली पाहिजे, स्वतःची पद्धत सगळ्यांना लावून चालत नाही.

जागा जास्त करून जून-जुलैत निघतात, सीझन संपला की. जानेवारीत अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं कन्व्हेन्शन असतं तिथे एकदा तरी जाच. मेल छोटी लिही, सोबत एका पिचरचे आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ आणि तू त्याला काय बदलायला सांगितलंस ते चार ओळीत, स्वतःच्या विकेट, म्हणजे स्ट्राइकआउट मोजत बसू नकोस. आठवडाभर उत्तर नाही आलं तर सरळ फोन कर, पण प्रॅक्टिसच्या आधी, सकाळी, दुपारनंतर कुणी कोच फोन उचलत नाही.