रेंजफाइंडर गळ्यात अडकवण्याआधी

यावल अभयारण्यात प्राणीगणनेची रेषा चालायला, म्हणजे ठरलेल्या सरळ वाटेने जात दिसलेले प्राणी आणि त्यांचं अंतर नोंदवायला, पाल गावी जाणार असाल, तर तयारी आदल्या आठवड्यात घरीच उरकून घ्या. पहाटे साडेपाचला कुडकुडत, दातात टॉर्च धरून रेंजफाइंडरचा, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, मेनू शोधणं मी केलंय, तुम्ही करू नका.

सगळ्यात आधी यंत्र मीटरवर आहे की यार्डावर, ते बघा. पडद्याच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढं अक्षर असतं. एका हिवाळ्यात आमच्याकडे दोन यंत्रं होती, एक मीटरवर, एक यार्डावर, आणि आम्ही ती आळीपाळीने वापरली. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, गुणाकार सोपा आहे. पण कुठली नोंद कुठल्या यंत्राची, हे कुणीच लिहिलं नव्हतं. सकाळभराचे फॉर्म बाद. तेव्हापासून मी यंत्रावर पांढरी चिकटपट्टी लावून ‘मीटर’ असं पेनाने लिहितो.

मग घराजवळ, जमल्यास केळीच्या बागेच्या बांधावर, टेप लावून 20, 40 आणि 60 मीटरवर काठ्या रोवा आणि यंत्र काय म्हणतं ते पडताळा. त्यानंतर विजेचा असा खांब शोधा, ज्याच्या मागे नुसतं आभाळ आहे. बटण दाबून धरा आणि यंत्रातून बघताना दिसणारी नेमाची फुली हळूहळू डावीकडून उजवीकडे खांबावरून न्या. आकडा नेमका कधी उमटतो? फुली खांबावर यायच्या आधीच उमटला, तर लेझर आणि फुली यांची गाठ चुकलेली आहे. किती चुकलीय ते हाताला कळू द्या, जंगलात तेवढं सांभाळून घेता येतं.

माझा एक भाचा टेक्सासमध्ये असतो. तिथे खासगी जमिनीवर रानडुकरांची शिकार कायद्याने चालते आणि त्याच्या रायफलीच्या दुर्बिणीतच रेंजफाइंडर बसवलेला आहे. ही खांबाची युक्ती त्याचीच. गोळीच्या धक्क्यांनी जुळणी हलते, म्हणून तो ती वरचेवर तपासतो. त्याच्या दुर्बिणीला गोळीचं वजन, वेग, रायफल किती अंतरावर झिरो केली आहे (म्हणजे नेम तंतोतंत जुळवला आहे), हे सगळं आधी भरून द्यावं लागतं. मग अंतर मोजल्याबरोबर गोळी किती खाली पडेल ते हिशेबून ती नेम धरायचा ठिपका दाखवते. भरलेली माहिती चुकली तर ठिपकाही तितक्याच ठामपणे चुकीच्या जागी उमटतो. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे हौसेच्या शिकारीचा विषयच मिटला. आपल्याला नुसतं अंतर हवंय, पण यंत्राचा स्वभाव तोच. समोर कुसळी गवत आलं तर ते गवताचं अंतर देतं आणि पुढे रोही (नीलगाय) उभी आहे याची त्याला खबरही नसते.

म्हणून मेनूत ‘जवळचं लक्ष्य’ आणि ‘दूरचं लक्ष्य’ असे पर्याय असतील तर झाडीसाठी दूरचं निवडा. पण रोहीच्या मागे टेकडी असेल तर दूरचं निवडल्यावर टेकडीचाच आकडा येईल, तेव्हा दोन-तीनदा दाबून बघा. सातपुड्याच्या उतारावर आडवं अंतर दाखवणारी सोय चालू ठेवा. 30 अंशांच्या उतारावर तिरकं 60 मीटर म्हणजे आडवं 52च भरतं. खोक्यावर छापलेल्या पल्ल्याच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो चकचकीत पाटीसाठी असतो, रानडुकराच्या मातकट अंगासाठी नव्हे.

होकायंत्र रेंजफाइंडरइतकंच महत्त्वाचं. रेषेची दिशा आणि प्राण्याची दिशा यांतला कोन मिळाला की लंबांतर निघतं: 40 मीटर आणि 30 अंश, म्हणजे रेषेपासून 20 मीटर. मोबाईल, हातातलं कडं, लोखंडी टोकाची काठी होकायंत्रापासून लांब ठेवा. आणि अंतर घ्यायचं ते प्राणी पहिल्यांदा दिसला त्या जागेचं. तो पळून जिथे थांबला तिथलं घेतलंत तर सगळे प्राणी रेषेपासून लांबच राहतात असा हिशेब निघेल. कळप असेल तर मध्याचं अंतर घ्या. 47 आलं तर 47च लिहा, 50 करायचा मोह होतोच.

बाकी सामान किरकोळ. जास्तीची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. यंत्र मात्र बाहेरच गळ्यात असू द्या, थंड यंत्र अंगाच्या उबेत घेतलं की काचेवर दव धरतं. चष्मा असेल तर यंत्राच्या डोळ्याकडच्या भिंगावरचं नजरेचं चाक आदल्या रात्रीच जुळवून ठेवा. पेन्सिल दोन. कळण्याची भाकरी आणि ठेचा गाडीतच ठेवा, 2 किलोमीटरची रेषा संपल्यावर खायला. पिशवीतला कागद चुरचुरतो.

कपडे मातकट, बूट आधी चार दिवस वापरलेले, आणि अत्तर नको. आमच्याबरोबरचे तडवी वनरक्षक रेषेच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. मागच्या खेपेला माझ्या खिशातली किल्ली वाजली, तर हात पुढे करून म्हणाले, “ते इकडं द्या भाऊ, परत आल्यावर घ्या.”