कलेतिहास आणि संवर्धन, दोन्ही शिकायचंय? मग आधी चपडा ओळखा

‘एक काहीतरी धर’ हा सल्ला तुम्हालाही मिळालाच असेल. मला दोन्हीकडून मिळाला. कलेतिहासवाले म्हणायचे, लॅबमध्ये बाटल्या हलवून काय मिळणार? लॅबवाले, म्हणजे जुन्या कलाकृती साफ करून जपणारे संवर्धक, म्हणायचे, जातककथा वाचून भिंतीवरची काजळी निघते का? ऐकू नका. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९६० पासून संवर्धन केंद्र आहे आणि तिथली मुलं दोन्ही विषय शिकूनच बाहेर पडतात. अमेरिकेतली कॉलेज आर्ट असोसिएशन तर संवर्धकांच्या संस्थेसोबत १९९० पासून अशा जोड-अभ्यासाला पुरस्कारच देते. आपल्याकडे मात्र अजून याला ‘दोन दगडांवर पाय’ म्हणतात.

आता त्या खड्ड्याबद्दल, ज्यात मीही पडले. सविस्तर सांगते, कारण नवखा माणूस हमखास तिथेच पडतो.

अजिंठ्याची चित्रं पाहून आपण लिहून मोकळे होतो, ‘उबदार, सोनेरी-तपकिरी रंगसंगती’. पण ती कुणाची? चित्रकाराने खडकावर मातीचा गिलावा दिला, त्यात तूस आणि वनस्पतींचे धागे कालवले, वर पांढरा पातळ हात दिला आणि तो सुकल्यावर रंगवलं. म्हणजे पुस्तकं सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, तरी ओल्या चुन्यात मुरलेलं हे चित्र नाही. रंग चिकट माध्यमाने वर धरलेला आहे, नाजूक आहे. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या नकला उतरवायला आले. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश लावलं गेलं. मग १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन संवर्धकांना बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, ते काम मोलाचंच. पण रंग धरून ठेवायला त्यांनी शेलॅक वापरलं. शेलॅक म्हणजे आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच चपडा. ताजा असताना स्वच्छ, पारदर्शक. वर्षं जातात तसा पिवळा, मग तपकिरी होतो, आजीच्या कपाटासारखा. त्यावर धूळ बसते. तो आक्रसतो आणि आक्रसताना खालच्या रंगाची खपली ओढून काढतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं तो थर उतरवण्यात गेली.

म्हणजे तुम्ही ज्या ‘सोनेरी’वर दोन पानं लिहिलीत, ती कदाचित पाचव्या शतकाची नाहीच, १९२०ची आहे. हे फार गंभीर आहे, कारण शैलीवरून काळ ठरवणारा सगळा डोलारा असल्या निरीक्षणांवर उभा असतो. म्हणून कुठलंही चित्र ‘वाचण्याआधी’ त्याच्यावर कोणी, कधी, काय फासलंय ते शोधा. जुने अहवाल काढा. साफ केलेला आणि न केलेला भाग शेजारी शेजारी ठेवून बघा. भिंतीला लागून तिरपा प्रकाश टाकला की उचललेल्या खपल्या दिसतात. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाखाली चपडा नारिंगी चमकतो. अर्थात अजिंठ्यात तुम्हाला कुणी दिवे लावू देणार नाही. काचेच्या पट्टीवर चपडा लावा आणि लॅबमध्ये त्यावर डोळा बसवा.

लॅबवाल्यांनी हसू नये, तुमचा खड्डा पलीकडे आहे. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये चित्रावरच आपलं नाव कोरलंय. नुकसानच ते. पण ओळ आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेणं मातीने भरलेलं होतं आणि साहेब ढिगाऱ्यावर उभा होता. म्हणजे ढिगारा कुठवर होता ते या ओळीवरून कळतं आणि खांबाच्या खालच्या भागाची झीज वाचताना ते हिशेबात धरावं लागतं. इतिहास न वाचणारा माणूस हिला नुसता ओरखडा समजून बुजवायला निघेल.

कला शाखेच्या मुलांनो, रसायनशास्त्राला पर्याय नाही. अमेरिकेतले अभ्यासक्रम तर प्रवेशालाच सेंद्रिय रसायनशास्त्र मागतात, तेही प्रात्यक्षिकांसह. दहावीनंतर विज्ञान सुटलं असेल तर रडू येईल, येऊ द्या. पण जमतं. अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात काय विरघळतं आणि का, हे हाताने केलं की पुस्तक निम्मं सोपं होतं.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळा करून प्रमाणपत्रं जमवू नका. आणि बटाट्याने तैलचित्र पुसणारे व्हिडिओ बघणाऱ्यांना माझ्या टेबलाजवळ जागा नाही. शिकायचं तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आहे, नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. गुरू निवडताना मोठं नाव बघू नका. त्यांच्या जुन्या फायली मागा. बिघडलेल्या कामाची फाइल जो उघडून दाखवतो, त्याच्याकडे राहा. ‘माझ्या हातून कधी काही बिघडलंच नाही’ म्हणणाऱ्याकडून नमस्कार करून निघा.

सुरुवात उद्याही करता येईल. दुर्बीण घेऊन अजिंठ्याला जा, दहाव्या लेण्यातला एकच खांब निवडा आणि वहीत दोन रकाने पाडा: एकात चित्रकाराचं, दुसऱ्यात नंतर आलेल्या सगळ्यांचं. दुसरा रकाना लांबला तर घाबरू नका, तसाच लांबतो. फक्त सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.