हँडल लचकतंय? सिंगल-स्पीडसाठी क्विल स्टेम घेताना या चुका टाळा

नागपुरातल्या रामझुला पुलाचा चढ एकाच गिअरवर काढायचा म्हणजे सीटवरून उठणं आलंच. उजवं पेडल दाबताना उजवा हात हँडल वर ओढतो, डावं दाबताना डावा. क्विल स्टेम म्हणजे पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीत उतरून आतून पाचरेनं आवळला जाणारा दांडा, त्याच्या पुढचा हात आणि हँडल पकडणारा क्लॅम्प. या ओढाताणीत हँडल लचकलं की दोष या स्टेमवर येतो आणि दुसऱ्याच दिवशी जाडजूड, महागडं स्टेम आणलं जातं. लचक तरीही तशीच राहते, कारण ती बरेचदा भलतीकडेच असते.

तपासणी न करता खरेदी

पेन्सिलीनं दोन बारीक रेघा ओढा. एक हँडलवरून क्लॅम्पवर येणारी, दुसरी स्टेमच्या दांड्यावरून लॉकनटवर, म्हणजे हेडसेटच्या (फोर्क फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) सर्वांत वरच्या नटवर, उतरणारी. मग सेमिनरी हिल्सचा एक चढ उभं राहून चढून या. रेघ तुटलेली दिसली तर तिथे भाग सरकतोय, म्हणजे प्रश्न पकडीचा आहे, ताठपणाचा नाही. रेघा जागच्या जागी असतील तर पुढचं चाक गुडघ्यांत धरा, हँडलचं एक टोक जोरात दाबा आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. लॉकनटपाशी 'टक्' झालं तर हेडसेट ढिला आहे. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना पाइपच वाकत असेल तर हँडल पातळ आहे. दांडा आणि त्याच्या पुढचा हात एकत्र पिळले जात असतील, तरच स्टेम बदला.

'बसलं ना, मग झालं'

एक इंच थ्रेडेड (नळीवर आटे असलेल्या) फोर्कच्या नळीत २२.२ मिमीचा दांडा जातो. १ १/८ इंच थ्रेडेड फोर्कला २५.४ मिमीचा लागतो. जुन्या फ्रेंच सायकलींना २२.० आणि जुन्या अमेरिकन व बीएमएक्स फोर्कना २१.१ मिमी. गोंधळ इथेच होतो. २१.१ चा दांडा २२.२ च्या नळीत सहज उतरतो, पाचर आवळली की घट्टही वाटतो, पण तो फक्त खालून धरलेला असतो. वर सभोवती मोकळी फट राहते आणि जोर लावला की स्टेम डुलतं. उलट २२.० च्या नळीत २२.२ चा दांडा हातोडीनं ठोकू नका, तो अडकला की सहजी निघत नाही. मोडीतून सुटा पार्ट उचलताना खिशात व्हर्निअर (बारीक मापाचं कॅलिपर) असू द्या.

क्लॅम्पमध्ये बसणाऱ्या हँडलच्या व्यासाचंही तेच. २५.४, २६.० आणि जुन्या चिनेली या इटालियन कंपनीचं २६.४ मिमी डोळ्यांना सारखंच दिसतं. २५.४ चं हँडल २६.० च्या क्लॅम्पमध्ये बसवायचं तर भोवती ०.३ मिमी जाडीची शिम (फट भरणारी पट्टी) हवी. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, म्हणजे एका वेढ्यानं भागत नाही. वेढे नीट न बसल्यास कुरकुर सुरू होते, त्यामुळे तयार शिमच बरी. आणि लहान क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हरनं फाकवून मोठं हँडल घुसवणं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला तडा जायला आमंत्रण.

'अ‍ॅल्युमिनियम हलकं, म्हणून चांगलं'

अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश ताठ असतं. फ्रेमच्या नळीचा व्यास वाढवून ही कसर भरता येते, पण क्विलचा बाहेरचा व्यास २२.२ वर अडलेला आहे. हिशेब केला तर २२.२ मिमीचा भरीव अ‍ॅल्युमिनियमचा गजसुद्धा २ मिमी जाडीच्या स्टीलच्या नळीइतका ताठ भरत नाही. केइरिन या जपानी ट्रॅक शर्यतींत आजही क्विल चालतं आणि निट्टो कंपनीचं क्रोमोली (मिश्र पोलादाचं) जॅग्वार स्टेम तिथलं. वजन जास्त, पण उभ्यानं ओढणाऱ्यासाठी तेच खरं. अ‍ॅल्युमिनियमचं वाईट असं नाही, पण ते खाली बसवलं पाहिजे.

कारण दांडा जितका बाहेर उघडा, तितका तो वाकतो. निट्टोच्याच टेक्नोमिकसारखी उंच स्टेम आरामासाठी आहेत. ती वर ओढून ताठपणाची अपेक्षा करू नये. पुढची लांबीही बघा: ८० मिमीऐवजी १२० मिमी घेतलं तर लांबी दीडपट होते, पण सारख्याच जाडीच्या हाताचा खालच्या दाबाखालचा वाक सव्वातीनपटीहून जास्त होतो, कारण तो लांबीच्या घनात वाढतो. आधी फ्रेमचं माप बरोबर घ्या. लहान फ्रेमला लांब स्टेम जोडून तिची भरपाई करायला गेलात तर लचक हातानंच विकत घेतल्यासारखी आहे. ७३ अंशांच्या हेड ट्यूबवर −१७ अंशांचं (दांड्याच्या काटकोनापासून तितकं खाली झुकलेलं) स्टेम जमिनीला समांतर दिसतं. क्लासिक रूप हवं असेल तर हाच आकडा.

३१.८ मिमीच्या जाड हँडलचा मोह झाला तर २२.२ ते २८.६ मिमीचा अ‍ॅडॉप्टर बसवून थ्रेडलेस (आत न उतरता बाहेरून पकडणारं) स्टेम लावता येतं. पुढचा हात ताठ होतो, पण फोर्कमध्ये उतरलेला दांडा तोच २२.२ चा राहतो. दिसायला मात्र बिघडतं.

आवळण्यातल्या चुका

दांड्यावरची किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये. खूण शोभेसाठी नाही: पाचर फोर्कच्या आट्यांखाली गेली पाहिजे, नाहीतर आट्यांपाशीच नळी फुगते किंवा तडकते. स्टेमवर आकडा लिहिलेला नसेल तर पाचरेच्या बोल्टला १६ ते १८ न्यूटन-मीटर पुरे. एल-कीला पाइप जोडून आवळू नका. चाक पायांत धरून हँडल जोरानं वळवल्यावर दांडा थोडा फिरावा इतपतच ठेवा, पडलात तर हँडल फिरलेलं बरं.

दांड्यावर आणि पाचरेवर ग्रीस लावा. न लावता बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम एक-दोन पावसाळ्यांत स्टीलच्या नळीला चिकटतं. काढताना बोल्ट पूर्ण काढू नका. तीन-चार आटे सोडा, बोल्टवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा फटका द्या, पाचर खाली सुटते. बोल्ट पूर्ण काढला तर पाचर आत अडकते आणि ठोकायला काही उरत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर कपाळावरचा घाम थेट या बोल्टच्या खड्ड्यात टपकतो. तिथे गंज धरतो आणि एल-की फिरून कोपरे गोल होतात. खड्डा ग्रीसनं भरा आणि दर ऋतूत पुसून पुन्हा भरा. जुनं स्टेम घेत असाल तर क्लॅम्पच्या फटीच्या कडेनं आणि खालच्या खाचेच्या टोकाशी कापूस फिरवा. धागा अडकला, तर तिथे तडा आहे. ते स्टेम परत ठेवा, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.