महाशिवरात्रीच्या रताळ्यांचे बेणे श्रावणातच धरावे

नाशिक जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्यांना ऑक्टोबरअखेर रताळ्याची लागवड करून महाशिवरात्रीच्या बाजारात माल आणायचा आहे, त्यांनी बेण्याची, म्हणजे लागवडीच्या वेलतुकड्यांची, रोपवाटिका ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करावी. बेणे आधी एका लहान व मग त्यातील वेल लावून दुसऱ्या मोठ्या रोपवाटिकेत, असे दोन टप्प्यांत वाढवावे लागते आणि प्रत्येक टप्प्याला ४० ते ४५ दिवस लागतात.

मागच्या पिकाचे वेल तोडून पुन्हा लावणे बिनखर्चाचे दिसते. परंतु वेलात एकदा शिरलेला विषाणू त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पुढच्या हंगामात जातो आणि फवारणीने तो वेलातून निघत नाही. जुन्या पानांवर जांभळ्या कडांचे फिकट ठिपके दिसणे किंवा कोवळी पाने वरच्या बाजूला वळणे ही त्याची लक्षणे होत. मात्र पुष्कळदा रोगट वेलही हिरवागार दिसतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. सुरुवातीचे बेणे शेंड्याच्या सूक्ष्म भागापासून टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत ऊती वाढवून) तयार केलेल्या आणि विषाणूची चाचणी झालेल्या मातृरोपांचेच घ्यावे व चाचणीचा दाखला मागावा. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेत या विषयावर काम होते.

एका एकरासाठी पहिली रोपवाटिका सुमारे ४० चौरस मीटरची, तर दुसरी दोन गुंठ्यांची पुरते. दोन्हींवर ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) कीटकरोधक जाळी असावी. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपे करणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्यांना ती परिचित आहे. जाळीवरचा खर्च वाचवून कीटकनाशकावर भर देणे माझ्या मते चुकीचे आहे, कारण विषाणू वाहून आणणारा मावा ही रस शोषणारी कीड पानात सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू सोडते आणि औषधाने मरण्यापूर्वीच तिचे काम झालेले असते. पानांचा गुंडाळा करणारा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. ही माशी टोमॅटोवरही वाढते, म्हणून रोपवाटिका टोमॅटोच्या वावराला लागून नसावी. रताळ्याच्या कुळातील रानवेली बांधावरून उपटून काढाव्यात. जाळीत संशयास्पद वेल आढळल्यास तो मुळासकट काढून नष्ट करावा, त्याचे निरोगी दिसणारे टोकही ठेवू नये.

लागवडीसाठी शेंड्याकडील २० ते ३० सेंटिमीटरचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घ्यावेत. बुडाकडील वेलातून सोंड्या भुंगा ही रताळी पोखरणारी कीड शेतात येण्याचा धोका असतो. जाळीतील काही मातृवेल न तोडता पुढील हंगामासाठी राखावेत. उघड्या शेतातले वेल मात्र जाळीत परत आणू नयेत.